काष्ठौषधींचा पुरवठा आणि पर्यावरण : आयुर्वेदीय औषधनिर्मितीपुढील अडथळे व प्रेरणा

आयुर्वेदीय औषधे नैसर्गिक असतात, म्हणून त्यांच्यामुळे निसर्गाची हानी होणे शक्यच नाही, असा समज रुग्णांत सर्वत्र आढळतो. हा समज आपण वैद्यांनीही कधी आग्रहाने खोडून काढलेला नाही. औषधाच्या वेष्टनावर हिरवे पान छापलेले असते, शेजारी खलबत्ता असतो. परंतु आत जे चूर्ण आहे त्यासाठीची साल झाड जिवंत ठेवून काढली की झाड आडवे पाडून, हे वैद्यास ठाऊक नसते, विक्रेत्यास ठाऊक नसते आणि बहुतेक वेळा औषधनिर्मात्यासही ठाऊक नसते.

अन्य उद्योगांत गेली काही वर्षे ‘हरित पुरवठा साखळी’ ही संकल्पना रूढ झाली आहे. कच्चा माल मिळविण्यापासून रिकामे वेष्टन कचऱ्यात जाईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर पर्यावरणाची हानी कमीत कमी व्हावी, अशी व्यवस्था म्हणजे हरित पुरवठा साखळी होय. मोटारीच्या किंवा कापडाच्या कारखान्यात हा विचार प्रामुख्याने धूर, सांडपाणी आणि रसायने यांच्याभोवती फिरतो. आपल्या व्यवसायात मात्र साखळीचे पहिले टोक जंगलात आहे आणि हानीही मुख्यतः तेथेच होते. म्हणून प्रस्तुत लेखात कारखान्यापेक्षा कारखान्याच्या मागचा विचार आम्ही अधिक केला आहे.

माल येतो कोठून?

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार आपल्या देशात १,१७८ औषधी वनस्पतींचा व्यापार होतो. त्यांपैकी २४२ वनस्पती अशा आहेत की, ज्यांची वार्षिक उलाढाल प्रत्येकी १०० टनांहून अधिक आहे. २०१४-१५ या वर्षाची एकूण मागणी सुमारे ५,१२,००० टन असावी, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. २००५-०६ साठीचा याच प्रकारचा अंदाज ३,१९,५०० टनांचा होता. दोन्ही अंदाजांची पद्धत तंतोतंत एक नसली, तरी मागणीची दिशा कोणती आहे हे सांगण्यास हे आकडे पुरेसे आहेत. अश्वगंधा, सोनामुखी, इसबगोल, तुळस यांसारख्या काही वनस्पती शेतातून येतात. वृक्षांच्या साली, मुळे, फळे आणि निर्यास यांच्यासाठी मात्र आपण आजही मोठ्या प्रमाणात जंगलावरच अवलंबून आहोत.

हा माल फार्मसीच्या दारात येईपर्यंत किती हातांतून जातो हे पाहण्यासारखे आहे. आदिवासी कुटुंब जंगलातून साल किंवा फळ गोळा करते आणि आठवडी बाजारात गावच्या व्यापाऱ्यास विकते. तो तालुक्याच्या आडत्यास देतो. आडत्याकडून माल मुंबईच्या मशीद बंदरातील, दिल्लीच्या खारी बावलीतील किंवा नीमचच्या बाजारातील घाऊक व्यापाऱ्याकडे जातो. तेथून फार्मसीकडे. वाटेत प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या गावांचा, वेगवेगळ्या वर्षांचा आणि कधी कधी वेगवेगळ्या जातींचाही माल एकत्र होतो. घाऊक व्यापाऱ्यास ‘ही साल कोणत्या डोंगरावरची?’ असे विचारले, तर तो बहुधा हसून चहा मागवतो. त्यात त्याचा दोष नाही. त्यालाही ते ठाऊक नसते.

आणि हाच पहिला, बहुधा सर्वांत मोठा अडथळा आहे. जे दिसत नाही ते सुधारता येत नाही. येथे काही वाचक म्हणतील की, आता प्रयोगशाळा आहेत, सूक्ष्मदर्शकीय परीक्षण आहे, क्रोमॅटोग्राफी आहे. हे खरे आहे. परंतु प्रयोगशाळा साल कोणत्या वनस्पतीची ते सांगते, त्यात जड धातू किती ते सांगते. ती काढताना झाड जगले की मेले हे जगातील कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. त्यासाठी मालाबरोबर त्याचा इतिहासही यावा लागतो, आणि आपल्या बाजारात मालाचा इतिहास पहिल्याच पोत्यात पुसला जातो.

ग्रंथांची भूमिका

आपल्या आचार्यांनी हा विषय दुर्लक्षिलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेव. कारण भूमीच बिघडली, तर औषधींचे रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव टिकणार नाहीत. भूमीचे आरोग्य आणि औषधाचे वीर्य यांचा इतका स्पष्ट संबंध जोडणारे विवेचन अन्य प्राचीन वैद्यकात क्वचितच असेल. चरकाच्या कल्पस्थानात कोणते अंग कोणत्या ऋतूत घ्यावे हेही दिले आहे. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत. साल, कंद व क्षीर शरदात घ्यावेत. फळे-फुले त्यांच्या त्यांच्या ऋतूत घ्यावीत. मुळांच्या बाबतीत या नियमाचा एक लाभ असा की, अनेक वनस्पतींचे बी त्या सुमारास पक्व होऊन गळून गेलेले असते. म्हणजे मूळ खणले तरी पुढची पिढी मातीत राहते. वीर्याचा नियम आणि वनस्पती टिकविण्याचा नियम येथे एकमेकांस पूरक ठरतात. बाजार मात्र बारमाही आहे. भाव चढला की भर पावसातही शतावरी खणली जाते.

तीन उदाहरणे

तुटवड्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गुग्गुळ. कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या प्रदेशातील हे मंद वाढीचे झुडूप चीक देण्याजोगे होण्यास साधारण आठ-दहा वर्षे लागतात. खोडावर मर्यादित छेद देऊन, झाडास विश्रांती देत निर्यास घेतला तर ते पुष्कळ वर्षे जगते. परंतु एकाच हंगामात शक्य तेवढा चीक मिळावा म्हणून खोलवर घाव घालून त्यांत तीव्र द्रव्ये भरली की, भरपूर निर्यास येतो आणि झाड वाळून जाते. परिणामी आज गुग्गुळ आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. आपल्याकडील तूट पाकिस्तानातून येणाऱ्या मालाने भरून निघत असे. २०१९च्या फेब्रुवारीत पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क बसले आणि २०२५च्या मे महिन्यात तेथील प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आयातीवर संपूर्ण बंदी आली. योगराज गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ यांच्यावाचून ज्यांचे एक आठवडाही चालत नाही अशा वैद्यांनी आणि ह्या कल्पांवर ज्यांचा निम्मा व्यवसाय उभा आहे अशा फार्मसींनी याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सीमेपलीकडच्या मालाने झाकलेली आपल्याच भूमीतील उणीव आता उघडी पडली आहे.

दुसरे उदाहरण अशोकाचे. ‘सराका असोका’ हा खरा अशोक पश्चिम घाटातील ओढ्याकाठच्या सावलीत वाढणारा वृक्ष आहे. तोही संकटग्रस्तांच्या यादीत आहे. अशोकारिष्टाची मागणी देशभर प्रचंड आहे आणि सालीसाठी उभे झाड तोडणे सर्वांत सोपे आहे. तुटवडा आला की, रस्त्याकडेला लावला जाणारा उंच, सरळ वाढणारा खोटा अशोक, म्हणजे ‘पॉलिआल्थिया लाँगिफोलिया’, त्याच्या जागी येतो. त्याचे कुळही वेगळे आहे. प्रदरात अशोकारिष्टाने गुण का आला नाही याची कारणे आपण रुग्णाच्या पथ्यात, प्रकृतीत आणि संप्राप्तीत शोधत बसतो. प्रत्यक्षात ते कारण कित्येकदा जंगलात असते. पर्यावरणाची हानी आणि भेसळ या दोन वेगळ्या समस्या नाहीत, हे आम्हांस येथे विशेषत्वाने सांगावयाचे आहे. झाड दुर्मीळ झाले की, पोत्यात दुसरे काही भरले जाणारच. वावडिंगाच्या बाबतीतही हेच घडते. खऱ्या ‘एम्बेलिया राइब्स’च्या ठिकाणी त्याच वंशातील दुसरी जाती सर्रास विकली जाते.

तिसरे उदाहरण दशमुळांचे. लघुपंचमुळे ही लहान क्षुपे आहेत, त्यांची लागवड करता येते. परंतु बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला आणि गंभारी हे बृहत्पंचमूळ आहे. यांची मुळे काढणे म्हणजे बहुधा झाडच काढणे होय. मुळाऐवजी खोडाची साल किंवा कोवळ्या झाडांची मुळे वापरता येतील काय, यावर संशोधन झाले आहे आणि व्यवहारात बाजाराने तो निर्णय केव्हाच घेऊन टाकला आहे. दशमुळांच्या नावाखाली आज येणाऱ्या मालात खोडाची साल आणि लाकूड किती असते, हे कोणताही अनुभवी फार्मसीचालक सांगू शकेल. आमचे मत असे की, हा बदल चोरून होण्यापेक्षा शास्त्रीय परीक्षणानंतर, औषधिसंहितेच्या आधारे, उघडपणे व्हावा. भावप्रकाशाने अष्टवर्गासाठी प्रतिनिधिद्रव्ये उघडपणेच सांगितली आहेत : मेदा-महामेदांऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकांऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींऐवजी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धींऐवजी वाराहीकंद. जे मिळत नाही ते मिळत नाही असे मान्य करण्यात आपल्या पूर्वसूरींना कमीपणा वाटला नाही.

खर्चाचा अडथळा : खरा किती, मानलेला किती?

फार्मसीचालकांशी या विषयावर बोलताना पहिले उत्तर येते ते खर्चाचे. ‘चांगला माल महाग, वैद्य आणि दुकानदार स्वस्त माल मागतात.’ या म्हणण्यात तथ्य आहे; परंतु ते सर्व कल्पांना सारखे लागू पडत नाही. एक साधे गणित पाहू. १०० ग्रॅम त्रिफळा चूर्णात हिरडा सुमारे ३३ ग्रॅम असतो. जबाबदारीने गोळा केलेल्या हिरड्यासाठी किलोमागे ३० रुपये अधिक मोजले, तरी त्या डबीचा खर्च वाढतो एक रुपयाने. डबी, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्याची सवलत यांपुढे तो रुपया नगण्य आहे. याउलट योगराज गुग्गुळात निम्म्याच्या आसपास गुग्गुळच असतो, आणि तो मुळातच महाग द्रव्य आहे. तेथे भाववाढ थेट गोळीत उतरते. म्हणून ‘हरित माल परवडत नाही’ हे वाक्य सरसकट उच्चारण्याऐवजी कोणत्या कल्पात परवडत नाही, हे प्रत्येक फार्मसीने कागदावर मांडून पाहावे. आमचा अनुभव असा की, हे गणित मांडलेलेच नसते.

खरी अडचण दरापेक्षा भांडवलाची आहे. संग्राहकाकडून थेट खरेदी करावयाची तर माल वर्षातून एकदाच, हंगामाच्या दोन-तीन महिन्यांत घ्यावा लागतो, रोख पैसे द्यावे लागतात, तो वाळवून, किडीपासून जपून वर्षभर साठवावा लागतो. घाऊक व्यापारी मात्र दर महिन्याला लागेल तेवढे पोते पाठवतो आणि दोन-तीन महिन्यांची उधारीही देतो. लहान फार्मसीच्या दृष्टीने व्यापारी हाच गोदाम आणि हाच बँक आहे. ही सोय सोडून जंगलाच्या पायथ्याशी जावे, असे त्यास नुसत्या उपदेशाने पटणार नाही.

प्रमाणपत्रांचेही तसेच आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने २००९ साली जंगलातील संकलनाच्या उत्तम पद्धतींची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१० मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेच्या साहाय्याने औषधी वनस्पतींसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आणली. योजना चांगली आहे. परंतु तपासनीस डोंगरात जाऊन पाहणी करणार त्याचा खर्च माल दहा पोती असो वा हजार, जवळपास तेवढाच येतो. मोठ्या निर्यातदारास तो पेलवतो. वर्षाला दोनशे किलो साल घेणाऱ्यास पेलवत नाही.

शेतीकडे वळावे तर तेथे विश्वासाची अडचण आहे. २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत सफेद मुसळीच्या लागवडीचे जे वारे महाराष्ट्रात वाहिले, ते अनेकांस आठवत असेल. बेणे चढ्या भावाने विकले गेले, हमीखरेदीची आश्वासने दिली गेली, आणि पीक हाती येईपर्यंत भाव कोसळले, खरेदीदार दिसेनासे झाले. त्या अनुभवानंतर औषधी वनस्पती म्हटले की शेतकरी आधी करारपत्र मागतो, आणि ते योग्यच आहे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या परिसरात पिंपळीचे मळे पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत; कारण तेथे पिकाचे ज्ञान आणि बाजार दोन्ही जुने आहेत. वृक्षांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी कठीण. आज लावलेल्या श्योनाकाचे मूळ दशमूळारिष्टात येण्यास लागणारा काळ आणि फार्मसीच्या वार्षिक ताळेबंदाचा काळ यांचा मेळ बसत नाही. ते काम शासनाने, वनविभागाने आणि ग्रामसभांनीच हाती घ्यावयास हवे; फार्मसीकडून फार तर खरेदीची हमी मिळू शकेल.

कायदा : भीती आणि आधार

कायद्याविषयी आपल्या व्यवसायात भीती अधिक आणि माहिती कमी आहे. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. भारतीय कंपन्यांनाही लाभांश द्यावा लागतो की काय, हा वाद दिव्य फार्मसीच्या याचिकेवर उत्तराखंड उच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने तो द्यावा लागतो असा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. या दुरुस्तीने उपजीविकेसाठी व्यवसाय करणारे नोंदणीकृत आयुष वैद्य, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना राज्य मंडळास पूर्वसूचना देण्याच्या अटीतून वगळले. व्यवसायास दिलासा मिळाला, हे खरे. परंतु ज्या लाभांशातून गावच्या जैवविविधता समितीस जंगल राखण्यासाठी काही मिळावयाचे, तो मार्गही अरुंद झाला, ही बाजू आमच्या व्यवसायबंधूंनी लक्षात घ्यावी. सवलत मिळाली म्हणून जबाबदारी संपली, असे कायदाही म्हणत नाही.

विदेश व्यापाराचे नियम याहून कडक आहेत. दुर्मीळ जातींच्या व्यापाराविषयीच्या ‘साइटिस’ करारात कोष्ठ १९८५ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. कुटकी आणि जटामांसी १९९७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत. निर्यातीची आकांक्षा असलेल्या फार्मसीस मालाचे मूळ दाखवावेच लागते. यालाच आम्ही प्रेरणा म्हणतो, भले ती सक्तीतून आलेली असो.

वनहक्क कायदा मात्र आपल्यासाठी मोठा आधार ठरू शकतो आणि त्याचा उपयोग आपण जवळजवळ केलेलाच नाही. २००६च्या या कायद्याने औषधी वनस्पती, कंदमुळे यांसह गौण वनोपजांवर वनवासी समाजाची मालकी मान्य केली. २०१२च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीस दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे विदर्भातील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करू लागल्या. ज्याची जंगलावर मालकी आहे, त्यालाच ते पुढच्या वर्षी शिल्लक राहावे असे वाटते. ठेकेदारास तसे वाटण्याचे कारण नाही. फार्मसीने ग्रामसभेकडून रीतसर पावतीवर हिरडा, बेहडा किंवा बेलफळ घेतले, तर मालाचे मूळ, संकलनाची पद्धत आणि कायदेशीरपणा हे तिन्ही प्रश्न एकाच कागदाने सुटतात.

सह्याद्रीतील हिरडा आणि बेहडा

हे केवळ मनोराज्य नाही, हे दाखविणारे उदाहरण आपल्या सह्याद्रीतच आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी संग्राहक आणि कोकणातील गावकरी यांच्याबरोबर हिरडा व बेहडा यांच्या शाश्वत संकलनाचे काम उभे केले. या फळांना ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि इंग्लंडमधील एका हर्बल कंपनीच्या रूपाने खरेदीदारही मिळाला.

या कामातील मर्म समजून घेण्यासारखे आहे. कोकणातील पुष्कळसे जंगल खाजगी मालकीचे आहे. बेहड्याचा जुना वृक्ष मालकास लाकूडतोड्याकडून एकदाच काही पैसे मिळवून देतो. फळास पडेल भाव असेल, तर तोडणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो. फळास दरवर्षी योग्य भाव मिळू लागला की, तेच झाड उभे ठेवणे फायद्याचे होते. आता या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो, आणि धनेश हा जंगलातील अनेक वृक्षांच्या बिया दूरवर टाकणारा पक्षी आहे. म्हणजे त्रिफळ्यातील एका घटकाला मिळालेल्या चार अधिक पैशांनी झाड, पक्षी आणि पुढचे जंगल असे तिन्ही राखले जाते. आम्हांस यात विशेष वाटते ते हे की, येथे कोणालाही त्याग करावयास सांगितलेले नाही. फक्त हिशेब बदलला आहे.

हिरड्याची गोष्ट थोडी अवघड आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा हे अनेक कुटुंबांचे रोख उत्पन्न आहे; परंतु तेथे पक्व हिरड्यापेक्षा बाळहिरड्यास कितीतरी अधिक भाव मिळतो. बाळहिरडा म्हणजे बी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ. सर्वच फळे कोवळेपणी उतरविली, तर बी मातीत पडत नाही आणि नवी झाडे येत नाहीत. त्रिफळ्यासाठी पक्व, वजनदार हिरडाच हवा, असा आपलाही आग्रह आहे. पक्व फळाची मागणी आणि भाव वैद्यवर्गाने टिकविला, तर शास्त्रोक्त द्रव्यही मिळेल आणि रोपेही उगवतील. शिवाय झाडाच्या फांद्या न छाटणे, काही फळे झाडावर व जमिनीवर राहू देणे, चटईवर वाळविणे या साध्या गोष्टींसाठी संग्राहकास प्रशिक्षण आणि थोडा वाढीव दर लागतो. यंत्रसामग्री लागत नाही.

विनाशाचे उदाहरणही याच डोंगरांत आहे. नरक्या या लहानशा वृक्षात कर्करोगावरील औषधांस आवश्यक असे कॅम्प्टोथेसिन सापडले आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून सह्याद्रीत त्याची अमर्याद तोड झाली. तोडणाऱ्या गावकऱ्यास त्याचे नाव आणि उपयोग ठाऊक नव्हता. त्याला किलोचा दर तेवढा ठाऊक होता.

कारखान्याच्या आत

फार्मसीच्या भिंतींच्या आत करण्यासारखेही काही आहे. कठीण द्रव्याचा क्वाथ १६ पट पाण्यात अष्टमांश उरेपर्यंत आटविला, तर एक किलो द्रव्यामागे १४ लिटर पाण्याची वाफ करावी लागते. झाकण ठेवून इंधन वाचविण्याची सोय नाही, कारण झाकलेल्या पात्रातील क्वाथ दुर्जर होतो असे कल्पनाशास्त्र सांगते. तेव्हा बचत करावयाची ती चुलीत : उघड्या भट्टीऐवजी वाफेचे दुहेरी पात्र, पाणी आधी सौर बंबातून गरम करून घेणे, क्वाथानंतरचा चोथा वाळवून जळणासाठी किंवा खतासाठी वापरणे. चोथ्याचे ढीग पावसात कुजत ठेवणाऱ्या फार्मसीने बाहेरून जळाऊ लाकूड विकत घ्यावे, हे अजबच म्हटले पाहिजे. बाटल्यांविषयी एवढेच की, आसवारिष्टांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या परत घेण्याची पद्धत पूर्वी होती. प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी ती मोडली. गावातील वैद्य आणि गावातीलच फार्मसी यांच्यात ती आजही सुरू करता येईल.

वैद्य काय करू शकतो?

पर्यावरणस्नेही पुरवठ्यामागील प्रेरणांत कायदा, निर्यात आणि तुटवड्याची भीती यांचा उल्लेख नेहमी होतो. यांहून प्रबळ अशी एक प्रेरणा आपल्या हाती आहे. ती म्हणजे खरेदीदाराचा प्रश्न. औषधप्रतिनिधी आला की आपण सवलत किती आणि दहावर किती मोफत एवढेच विचारतो. त्याऐवजी ‘अशोकाची साल कोठून घेता?’ असा प्रश्न एका जिल्ह्यातील पन्नास वैद्यांनी सहा महिने सातत्याने विचारला, तर तो प्रश्न कारखान्याच्या खरेदी विभागापर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही. शिवाय जेथे एकच कार्य अनेक द्रव्ये करतात, तेथे संकटग्रस्त द्रव्याची निवड सवयीने करू नये. प्रत्येक संधिवातास गुग्गुळकल्प दिलाच पाहिजे असे नाही. निर्गुंडी, रास्ना, एरंड, शुंठी यांनी जे साधते ते त्यांनी साधावे आणि गुग्गुळ जेथे अपरिहार्य आहे तेथे राखून ठेवावा.

लहान फार्मसींसाठी आमची सूचना संयुक्त खरेदीची आहे. चार-पाच फार्मसींनी एकत्र यावे, एकच द्रव्य निवडावे, एकाच ग्रामसभेशी किंवा संग्राहक गटाशी हंगामापूर्वी लेखी करार करावा आणि ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा आगाऊ द्यावा. प्रत्येक पोत्यावर गाव, महिना आणि संकलक गटाचे नाव असावे व तोच क्रमांक फार्मसीच्या कच्च्या मालाच्या नोंदवहीत चढावा. परिशिष्ट ‘टी’नुसार ती नोंदवही आपण ठेवतोच. तपासणीचा आणि गोदामाचा खर्च विभागला जातो, आणि भांडवलाचा भार एकावर पडत नाही.

पहिल्या वर्षी बेहडा घ्यावा असे आम्ही सुचवू. तो स्वस्त आहे, म्हणून चूक झाली तरी नुकसान बेताचे होईल. फळ असल्याने झाडास इजा नाही. ओळखण्यास सोपा असल्याने भेसळीचा वाद नाही. आणि त्रिफळा बनवीत नाही अशी फार्मसी महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. कराराची बोलणी मात्र पावसाळा संपण्यापूर्वीच व्हावयास हवीत. फळे पिकू लागली की गावात व्यापारी आगाऊ रक्कम घेऊन आधीच पोहोचलेला असतो.